सेकंदाला शंभर वेळा

आज शनिवार. बहुतेकांना सुट्टी असेल, तेव्हा हे वाचायच्या आधी एक छोटंसं काम करा. स्टीलचं चकचकीत पेन किंवा पांढरी पेन्सिल हातात घ्या. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच एलईडी दिवा चालू ठेवा, मागे काहीतरी काळं येईल असे उभे राहा आणि ते पेन हातपंख्यासारखं जोरजोरात हलवा. (घरातल्यांनी विचारलं तर ऑफिसचं काम आहे म्हणून सांगा, हल्ली काहीही खपतं.) पेनाचा सलग धूसर पंखा दिसला तर उत्तम. पण त्याऐवजी सुटी सुटी सात-आठ पेनं दिसली, पत्ते पसरावेत तशी, तर तुमचा दिवा लुकलुकतोय. नुसतं बघून कळत नाही, पण सेकंदाला शंभर वेळा तो मंद होतोय, किंवा चक्क विझून पुन्हा पेटतोय.

याला म्हणतात फ्लिकर. (फोटोंच्या साइटचा काही संबंध नाही.) गेले तीन महिने माझे सगळे वीकेंड हा फ्लिकर मोजण्यात गेलेत. रूममेटने माझं नाव ‘दिवटा’ ठेवलंय, आणि ते दोन्ही अर्थांनी बरोबर आहे.

आधी थोडी थिअरी, कंटाळा न करता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे करंट सेकंदाला ५० वेळा एका दिशेने आणि ५० वेळा उलट दिशेने जोर धरतो, आणि मधे दर वेळी शून्यावर येतो. दिव्याला दिशेशी देणंघेणं नाही, त्यामुळे जोर धरायच्या वेळा झाल्या १००. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हाच आकडा १२०. जुन्या पिवळ्या बल्बलाही हे चुकलेलं नव्हतं. पण त्यातली तार तापलेली असायची. गॅस बंद केला तरी तवा लगेच गार होत नाही, तशी ती तार सेकंदाच्या दोनशेव्या भागात फारशी गार व्हायची नाही, जराशी मंदावायची इतकंच. एलईडीकडे तवाच नाही. करंट गेला की प्रकाश गेला. निळ्या एलईडीवर जो पिवळा फॉस्फर लावलेला असतो, ज्याच्यामुळे आपल्याला पांढरा प्रकाश मिळतो, तोही क्षणात विझतो. म्हणजे दिवा किती लुकलुकणार हे एलईडीवर नाही, तर तिला करंट पुरवणाऱ्या सर्किटवर, म्हणजे ड्रायव्हरवर अवलंबून आहे. आणि स्वस्त करायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड पडते ती याच ड्रायव्हरवर.

इंजिनीअरिंगला ‘स्ट्रोबोस्कोपिक इफेक्ट म्हणजे काय’ हा दोन मार्कांचा हमखास प्रश्न असायचा. उत्तरही ठरलेलं. ट्यूबलाइटच्या उजेडात फिरणारं लेथ थांबल्यासारखं दिसू शकतं, कामगार हात घालतो, अपघात होतो. उपाय: कारखान्यात शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाका, किंवा जोडट्यूबच्या फिटिंगमध्ये एका ट्यूबला कपॅसिटर लावा, म्हणजे एक मंदावते तेव्हा दुसरी जोरात असते. आम्ही हे पाठ केलं, लिहिलं, दोन मार्क घेतले. नंतर सगळे ई अँड टीसीवाले जिथे जातात तिथे मीही गेलो, म्हणजे जावा लिहायला हिंजवडीत.

हा इफेक्ट बघायला लेथ लागत नाही, डोक्यावरचा पंखा पुरतो. हिशोब करून बघा, मजा येते. पंखा मिनिटाला ३३३ फेरे मारतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला साडेपाचच्या जरा वर. दिवा सेकंदाला १०० वेळा चमकतो, म्हणजे एका फेऱ्यात १८ वेळा. प्रत्येक चमकेला पाती २० अंश पुढे गेलेली. तीन पाती १२० अंशांवर असल्यामुळे सगळ्या जागा एकमेकींवर बरोब्बर बसतात, आणि तुम्हाला तीन पात्यांच्या ऐवजी १८ फिकट पाती जवळजवळ स्थिर उभी दिसतात. वेग जरा कमी-जास्त झाला की ती अठरा पाती हळूहळू पुढे किंवा उलटी सरकायला लागतात. हाच खेळ जुन्या रेकॉर्ड प्लेअरवाल्यांनी कामाला लावला होता. ३३⅓ च्या तबकडीसाठी ५० हर्ट्झच्या देशात १८० रेघांची चकती मिळायची. दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. शंभराचा तोच आकडा, फक्त तिथे तो नोकर होता.

आता हे सगळं मला एकदम का आठवलं? आईमुळे.

आई साताऱ्याला घरच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. बावीस वर्षं झाली. माझी इंजिनीअरिंगची निम्मी फी अस्तराच्या ब्लाउजमधून आलीय, बाकीची बाबांच्या पगारातून. पायमशीन गेलं, मोटर लावलेलं मशीन आलं, पण डोक्यावरची चोकवाली ट्यूब तीच राहिली. गेल्या पावसाळ्यात तिचा चोक जळाला आणि बाबांनी बाजारातून एलईडीची वीस वॅटची पट्टी आणून लावली. उजेड आधीपेक्षा जास्त, बिल कमी, सगळे खूश. आठवड्याभरात आई म्हणायला लागली, “सुई थांबते रे.”

मशीनवाला येऊन गेला. पट्टा बघितला, मोटर उघडली, तेल घातलं, पैसे घेतले, म्हणाला मशीन टकाटक आहे. मग चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासून झाला, थोडा वाढला होता, नवीन चष्मा आला. सुई थांबतच होती. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. बाबा म्हणाले, “अगं, वय झालं आता, कामं कमी कर.” एकदा नखाच्या बाजूने बोटात सुई गेली. शिवणाऱ्या बाईला हे नवीन नसतं, पण आईने त्यानंतर गौरी-गणपतीच्या ऑर्डरी परत पाठवायला सुरुवात केली. मला फोनवर जे सांगितलं ते असं: “सुई खाली येतायेता थबकते, मग हळूच उलटी वर जाते. मशीन मात्र टाका बरोबर टाकतं. मला वेड लागलंय का डोळे गेलेत तेवढं सांग.”

हळूच उलटी वर जाते! अहो, हे दोन मार्कांचं उत्तर आहे, शब्द न् शब्द. मिनिटाला १००० टाके या वेगाने सुई सेकंदाला १६.६७ वेळा खाली-वर करते. दिव्याच्या १०० चमका भागिले तेवढ्या, बरोबर सहा. म्हणजे प्रत्येक टाक्यात सुई सहा ठरावीक जागीच उजेडात येते आणि मधल्या प्रवासात अंधारात असते. मिनिटाला ८५७ टाक्यांना ह्या जागा सात, ७५० ला आठ. पायाचा दाब इकडेतिकडे झाला की त्या जागा सरकायला लागतात, आणि सुई थबकते, चढते, उतरते. आईला वेड लागलेलं नव्हतं. जे होतं तेच तिला दिसत होतं.

पण घरात आपलं ऐकणार कोण? सातारकरांना पुरावा लागतो. म्हणून मोजायचं ठरवलं.

सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे मोबाइलचा कॅमेरा. त्यात एक गोम आहे. दिव्यावर कॅमेरा धरला की स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण फोनवाले हुशार, ५० हर्ट्झचा दिवा ओळखून ते शटर मुद्दाम सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० भागाएवढं उघडं ठेवतात. तेवढ्या वेळात दिव्याचं एक किंवा दोन पूर्ण चक्रं होतात, चढउताराची सरासरी निघते आणि पट्टे गायब. तेव्हा ‘माझ्या फोनमध्ये तर पट्टे दिसत नाहीत’ हे चांगल्या दिव्याचं सर्टिफिकेट नव्हे. प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/२००० वर आणा, मग बघा. दुसरा मार्ग स्लो मोशन. सेकंदाला २४० फ्रेम घेतल्या आणि ३० च्या वेगाने चालवल्या की सगळं आठपट सावकाश होतं, १०० ची लुकलुक साडेबारावर येते आणि डोळ्यांना सरळ दिसते.

कॅमेऱ्याने ‘आहे की नाही’ कळतं. ‘किती’ कळत नाही, कारण कॅमेरा स्वतःच्या मर्जीने उजेड-अंधार जुळवून घेत असतो. म्हणून तपकीर गल्लीत गेलो आणि बीपीडब्ल्यू ३४ नावाचा फोटोडायोड आणला. किंमत एका मिसळीच्या आतबाहेर. अर्डुइनो उनो कॉलेजपासून माळ्यावर पडलेला होताच. फोटोडायोड ५ व्होल्टला उलटा जोडायचा, खाली १०० किलोओहमचा रेझिस्टर, आणि मधल्या सांध्यावरचं व्होल्टेज अर्डुइनोने वाचायचं. उजेड जितका तितका करंट, करंट जितका तितकं व्होल्टेज. अर्डुइनो कसलीही मिनतवारी न करता सेकंदाला साडेनऊ हजारांच्या आसपास वाचनं घेतो. त्याची मेमरी फक्त २ केबी, म्हणून एका दमात ८०० वाचनं साठवायची (आपल्या एका लॉग मेसेजला याहून जास्त जागा लागते), म्हणजे साधारण ८३ मिलिसेकंद, म्हणजे १०० हर्ट्झची आठेक चक्रं. मग ती लॅपटॉपवर पाठवायची आणि पायथॉनच्या हवाली करायची.

दोन गोष्टी सांभाळायच्या. आलेखाचा माथा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट दिसला तर सेन्सर भरून वाहतोय, रेझिस्टर कमी करा. आणि सेन्सर काळ्या कापडात गुंडाळून एकदा ‘शून्य’ मोजून घ्या आणि ते सगळ्यांतून वजा करा. यूट्यूबवर काही जण फोटोडायोड थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसायला सांगतात. तसं करू नका. साउंड कार्डच्या तोंडाशी कपॅसिटर असतो, तो स्थिर भाग अडवतो आणि फक्त चढउतार आत सोडतो. म्हणजे लाटा किती उंच ते कळतं, पण पाणी किती खोल ते कळत नाही. आणि आपला सगळा प्रश्न त्या गुणोत्तराचाच आहे.

तर ते गुणोत्तर. मोजायची सगळ्यात साधी रीत म्हणजे टक्का. सगळ्यात जास्त उजेडातून सगळ्यात कमी वजा करा, त्याला दोघांच्या बेरजेने भागा, शंभराने गुणा. दिवा अजिबात हलत नसेल तर ०, पूर्ण विझत असेल तर १००. ह्या टक्क्याला आकार कळत नाही. हळूहळू चढून हळूहळू उतरणारी, शून्याला टेकून येणारी लाट असो, की दहा टक्के वेळ भसकन पेटून नव्वद टक्के वेळ ठार अंधार असो, दोन्हीचा टक्का १००. म्हणून दुसरा आकडा आहे फ्लिकर इंडेक्स. सरासरीच्या रेघेवरचं क्षेत्रफळ भागिले एकूण क्षेत्रफळ. पहिल्या लाटेचा इंडेक्स येतो ०.३२, दुसरीचा ०.९. आपल्याकडे डॅशबोर्डवर अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम हिरवा असतो आणि कस्टमर मात्र बोंबलत असतो, त्यातलाच प्रकार. लक्समीटर हा दिव्यांचा अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम आहे. आईच्या खोलीत तो हिरवाच होता.

मग मी मोजत सुटलो. पुण्याचा फ्लॅट, साताऱ्याचं घर, मामाचं घर, जिन्यातला दिवा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब: १४ टक्के. (बीपीडब्ल्यू ३४ ला अवरक्त किरण आपल्या डोळ्यांपेक्षा फार जास्त दिसतात आणि ते कमी हलतात, तेव्हा खरा आकडा याहून थोडा जास्तच असणार.) मामाकडची चोकवाली ट्यूब: ३६. मोबाइलचा टॉर्च: जवळपास ०, कारण तो बॅटरीवर. माझ्या टेबलावरचा बऱ्यापैकी एलईडी बल्ब: २.५. देव्हाऱ्यातला एलईडीचा झिरो बल्ब: ९९. दिवाळीची एक माळ तर कहर, टक्का १०० आणि तोही १०० नव्हे तर ५० हर्ट्झवर, म्हणजे करंटची एकच दिशा वापरून दुसऱ्या वेळी सरळ झोपा काढायच्या. तिच्याकडे बघत मान वळवली की ठिपक्यांची रांग दिसते.

आणि आईची पट्टी: ९६.

ही पट्टी उघडायची गरज पडली नाही, तशाच कंपनीची एक मेलेली पट्टी शेजाऱ्यांकडे होती. आत काय? एक ब्रिज रेक्टिफायर, एक चिमुकली आयसी, दोन रेझिस्टर आणि एलईडींची रांग, सगळं एकाच पट्टीवर. मोठा कपॅसिटर नाहीच. ह्या रचनेला ‘ड्रायव्हर ऑन बोर्ड’ म्हणतात. मधली दरी भरून काढायला जो साठा लागतो तो ह्यात ठेवलेलाच नाही. (चालू पट्टी उघडायला जाऊ नका. त्या एलईडीपर्यंत थेट मेन्स आलेला असतो, मधे ट्रान्सफॉर्मर नाही.)

पण याला नुसती चोरी म्हणून मोकळं होता येत नाही. साधा रेक्टिफायर आणि पुढे मोठा कपॅसिटर टाकला की दिवा लाइनमधून करंट सलग न घेता लाटेच्या टोकाला गचकन ओढून घेतो आणि पॉवर फॅक्टर बिघडतो. खोक्यावर पॉवर फॅक्टर छापायचा असतो, तो सुधारायचा तर करंट लाटेबरोबर वरखाली होऊ द्यायला हवा, आणि मग प्रकाशही वरखाली होतो. दोन्ही हवं तर दोन टप्प्यांचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे जास्त सुटे भाग, जास्त पैसे. आपल्याकडे एलईडी दिव्याला मिळणारे स्टार हे एका वॅटमागे किती लुमेन यावर मिळतात. जो आकडा खोक्यावर येतो त्याच्यासाठी इंजिनीअर राबतो. मी आणलेल्या एकाही खोक्यावर फ्लिकरचा आकडा नव्हता. केपीआय ठरला की लोक केपीआयच जिंकतात, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

९६ हा आकडा हातात आला, पण तो वाईट किती? इथे मानकं येतात आणि गंमत सुरू होते. आयईईईचं १७८९ हे मानक २०१५ मध्ये आलं. त्याचं मला आवडलेलं शहाणपण असं की ते नुसता टक्का बघत नाही, टक्का आणि फ्रिक्वेन्सी एकत्र बघतं. ९० हर्ट्झच्या वर, फ्रिक्वेन्सीला ०.०८ ने गुणा, तेवढा टक्का ‘कमी धोक्याचा’. म्हणजे १०० हर्ट्झला ८ टक्के. १२५० हर्ट्झच्या पुढे तुम्ही दिवा पूर्ण विझवलात तरी चालेल. ‘परिणाम दिसत नाही’ अशी आणखी कडक रेघ आहे ०.०३३३ ची, म्हणजे १०० हर्ट्झला ३.३ टक्के. ९० च्या खाली नियम फारच कडक: ५० हर्ट्झला कमी धोक्याची मर्यादा सव्वा टक्का. आमच्या माळेचे १०० आठवा.

मी त्यावरून माझी मार्कशीट केली. ३.३ च्या आत डिस्टिंक्शन, ८ च्या आत पास, ३० च्या आत एटीकेटी, पुढे नापास. आणि आमचा लाडका पिवळा बल्ब, ज्याच्याखाली आपले आजोबा-पणजोबा वाचत बसले, त्याला १४ टक्क्यांवर एटीकेटी! अमेरिकेतल्या दिवे बनवणाऱ्यांच्या संघटनेचा, नेमाचा, या मानकावरचा आक्षेप साधारण ह्याच वळणाचा होता, की रेघ गरजेपेक्षा कडक आहे. त्यांनी २०१७ मध्ये आपलं वेगळं मानक काढलं. त्यात एसव्हीएम नावाचा आकडा वापरतात, आणि मला विचाराल तर मोजमाप म्हणून तो जास्त प्रामाणिक आहे. लाटेचे फूरिए करून तुकडे करायचे, ८० ते २००० हर्ट्झमधल्या प्रत्येक तुकड्याला माणसाच्या डोळ्याला तो जाणवायला किमान किती मोठा असावा लागतो त्याने भागायचं, आणि मग एका विशिष्ट रीतीने बेरीज. उत्तर १ आलं तर सर्वसाधारण माणसाला हलत्या वस्तूवर तो परिणाम जाणवायची शक्यता निम्मी. नेमाने मर्यादा ठेवली १.६. युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२१ पासून ०.९ ठेवली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ती ०.४ वर आणली. एकच आकडा, पण रेघ कुठे मारायची हे कारखानदार ठरवतोय की ग्राहकाच्या बाजूचा कायदा, त्यावर चौपट फरक.

८० हर्ट्झच्या खालची, डोळ्यांना सरळ दिसणारी फडफड मोजायला पीएसटी नावाचा आणखी एक आकडा आहे. शेजारी वेल्डिंग सुरू झालं की घरातले दिवे मिचमिचतात ना, ती फडफड. तो मोजायचं मूळ यंत्र बनलं तेव्हा त्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याच्याकडे बघणारा माणूस असं दोघांचं गणिती रूप घातलेलं आहे. बल्ब बाजारातून गेला, यंत्रात मात्र तो अजून जळतोय.

आता डोकेदुखी. १९८९ मध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या एका ऑफिसात कर्मचाऱ्यांना न सांगता ट्यूबचे साधे चोक आणि हाय फ्रिक्वेन्सी बॅलास्ट असे आलटून पालटून लावले होते. साध्या चोकच्या मानाने हाय फ्रिक्वेन्सीखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. हा अभ्यास माझ्या खिशात होता, पण आई म्हणजे ऑफिस नव्हे, ती एकटी आहे. आणि शिवाय ‘मुलगा पुण्याहून काहीतरी यंत्र घेऊन आला’ याच आनंदात तिची अर्धी डोकेदुखी थांबण्याची शक्यता होती.

म्हणून डोकेदुखी बाजूला ठेवली आणि सुईचीच परीक्षा घेतली. दुसरी पट्टी आणली, वेगळा ड्रायव्हर असलेली, मोजून २.९ टक्क्यांची. दोन्ही शेजारी लावल्या, दोन्हींवर बटर पेपर, लक्समीटरने उजेड सारखा केला. स्विचजवळ मी, आणि कोणती लावायची ते नाणं उडवून. आईने दर वेळी चिंधीवर मिनिटभर मशीन चालवायचं आणि एवढंच सांगायचं: थांबते की नाही. बाबा वहीत टिपायला. (त्यांना मुद्दाम टिपायला बसवलं.) दहा वेळा केलं. दहाच्या दहा बरोबर. नुसत्या अंदाजाने दहाही बरोबर यायची शक्यता १०२४ मध्ये एक.

बाबांनी वही बंद केली आणि म्हणाले, “मग चष्म्याचे पैसे?”

“नंबर वाढला होता ना, मग लागणारच होता,” आई म्हणाली. “पण वय झालं म्हणालात ते वहीत लिहा.”

नवीन पट्टी लावून आता अडीच महिने झाले. सुई थांबत नाही. डोकं कमी दुखतं असं आई म्हणते, पण याच काळात चष्मा बदललाय, पावसाळ्याचा अंधार गेलाय आणि ती दुपारी तासभर झोपायला लागलीय, तेव्हा त्यातलं श्रेय पट्टीला किती द्यायचं ते मला मोजता येत नाही आणि मी ते मोजल्यासारखं सांगणारही नाही. चोकवाल्या ट्यूबच्या ३६ टक्क्यांखाली ती वीस वर्षं कुरकुर न करता शिवतच होती. ह्या आकड्याने लगेच सगळ्यांचे दिवे बदलायला पळावं असं म्हणणं नाही. जिन्यात, बाथरूममध्ये, गॅलरीत ९९ असला तरी काय बिघडतं? जिथे तास न् तास वाचायचंय, किंवा काही फिरतंय, कापतंय, टोचतंय, तिथे मात्र मोजल्याशिवाय लावू नका. अभ्यासिकांमध्ये पोरं बारा-बारा तास बसतात, तिथल्या मालकांनी तर नक्कीच.

विकत घेताना काय करायचं? माझी पद्धत सांगतो, हसू नका. दुकानात दिवा लावून दाखवायला सांगायचा आणि पेन हलवायचं. साताऱ्यातल्या दुकानदाराने मला आधी तांत्रिक वगैरे समजून दोन पावलं मागे घेतली होती. मग त्यालाही नाद लागला. “दादा, हा बघा, ह्यात दहा पेनं दिसतात!” असं म्हणत त्याने शेल्फवरचे सगळे लावून बघितले. त्याच्या आवडत्या, सगळ्यात जास्त खपणाऱ्या बल्बमध्ये सगळ्यात जास्त पेनं दिसली तेव्हा जरा शांत झाला. महागातला एक बल्बही नापास निघाला, त्यामुळे किमतीवर भरवसा नाही. दुकानदार म्हणाला, “गिऱ्हाईक वॅट विचारतं, गॅरंटी विचारतं. पेन हलवणारे तुम्ही पहिलेच.”

एक गोष्ट अजून बाकी आहे. कपॅसिटर म्हातारा होतो. आतलं इलेक्ट्रोलाइट उष्णतेने सुकत जातं, आणि दर १० अंश तापमानाला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. बंद काचेच्या ग्लोबमध्ये कोंबलेला बल्ब काय तापतो ते हात लावून बघा. म्हणजे आज डिस्टिंक्शनमध्ये पास झालेला दिवा तीन वर्षांनी कुठे असेल ते खोक्यावर काय, मानकातही लिहिलेलं नाही, कारण चाचणी नव्या दिव्याची होते. मामाकडे एकाच दिवशी घेतलेले चार बल्ब होते. हॉलमधला उघडा बल्ब ४ टक्के, स्वयंपाकघरात झाकणातला २१. तेव्हा मी आता प्रत्येक दिव्याच्या बुडावर मार्करने तारीख आणि टक्का लिहून ठेवतो. आईच्या पट्टीवर २.९ लिहिलंय. पुढचं माप दिवाळीत घेईन, आणि त्या माळेचं काय करायचं तेही तेव्हाच ठरवू. आईला ती माळ आवडते.